अळणी

आगरवाड्याला आमच्या अंगणापासून पन्नास पावलांवर
मीठ पिकायचं.
बाबा आगरात फळी ओढायचे,
मार्चच्या उन्हात ढीग उभे राहायचे पांढरेशुभ्र,
आणि माझी पेज अळणी.

सहा वर्षांची होते. एका सकाळी
पापण्या उघडेनात. पावलं चपलेत मावेनात.
आई म्हणाली, काहीतरी चावलं असेल.
रुझारमाय म्हणाली, दृष्ट.
डॉक्टर कुलासोंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला,
उचलला,
आणि तिथे राहिलेल्या खळग्याकडे
आम्ही सगळेच बघत बसलो.

मग रोजची पहाट म्हणजे
स्पिरिटचा दिवा, काचेची नळी,
आईचा रोखलेला श्वास.
लघवी तापायची. नितळ राहिली तर शाळा.
पांढरी फुटली तर फेरीबोट, दोन बस, बांबोळी.
"नासली," आई एवढंच म्हणायची,
दुधाबद्दल बोलावं तसं.

गोळ्यांनी चेहरा पुनवेचा केला.
शाळा सुटताना रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला की
पोरं माझ्याकडे वळून ओरडायची, पाव, पाव!
मीही हसायचे. गाल एवढे होते
की हसू बाहेर यायला वेळ लागायचा.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं.
खुंटीवर बाबांचा सदरा होता, आगरातून आलेला.
मी त्याची कॉलर चोखली.
बराच वेळ.
दुसऱ्या दिवशी नळी नासली.
त्या वेळी तीन आठवडे बांबोळीला होते.
खाटेजवळच्या स्टुलावर आई बसल्या बसल्या झोपायची
आणि मला वाटायचं, मी उठवून सांगावं.

शेवटची गोळी सोळाव्या वर्षी.
आता अडतीस. म्हापशाला वीज खात्यात
लोकांची बिलं तपासते. गाडी चालवते. मुलगी आहे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
मी न खाल्लेल्या मिठाला जागत आले:
रोज पहाटे पाचला डोळे उघडतात,
खाटेवरून उतरण्याआधी
अंगठा नडगीवर जातो.
"आपल्याच पाया पडतेस काय गो रोज?"
प्रेमानंद कूस बदलतो.

नवीन डॉक्टर वयानं माझ्याहून लहान.
कागद चाळून म्हणाली, बावीस वर्षं काही नाही,
तुम्ही बऱ्या आहात. आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे.
बाहेर व्हरांड्यात मी फाईल धरून उभी.
कोकणीत बरें म्हणजे चांगलं.
मराठीत बरं म्हणजे, चालेल.
कुठल्या भाषेत बरी आहे मी
हे विचारायचं राहून गेलं.

बाबांना आता रक्तदाब.
रविवारी जाते तेव्हा त्यांची पेज मीच वाढते, अळणी,
आणि ते ताटाकडे असे बघतात
जशी मी बघायचे.
परवा सांगून टाकलं. कॉलरचं.
बत्तीस वर्षं धरून ठेवलेलं,
तोंडातून बाहेर आलं तेव्हा एवढंसं होतं.

ते पेज ढवळत राहिले.
"ओली होती ती," म्हणाले.
"म्हणून तर सदरा मी विहिरीवरच धुऊन येऊ लागलो."

बास, एवढंच.
मग म्हणाले, शिंक्यातल्या बरणीत तोरं आहेत,
चेपणीची, यंदाची. तू खा.
खाल्ली. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं,
ते बघत होते, त्यांचा गळा एकदा हलला.
दुसरी फोड घेतली मी. मग तिसरी.

आज पहाटे पाचला जाग.
अंगठा नडगीवर.
दाबला, उचलला. कातडी लगेच वर आली,
येतेच ती, कितीक वर्षं येते आहे.
तरी अंगठा तिथेच ठेवला जरा वेळ,
न दाबता.